५ टक्के भारतीय ज्ञान परंपरा लावली म्हणजे विद्यापीठ आपलं झालं का?

कृष्णाकाठ:
यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२३ मध्ये सांगितलं की डिग्रीला लागणाऱ्या क्रेडिट्सपैकी (श्रेयांकांपैकी) निदान ५ टक्के भारतीय ज्ञान परंपरेचे, म्हणजे आपल्या जुन्या विद्यांचे, असावेत. विरोध नाही, पण ब्रिटिश वसाहतीचं ओझं एवढ्याने उतरतं का? १८५७ ला मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर निघालं, काम काय तर परीक्षा घ्यायची नि डिग्र्या वाटायच्या, आणि आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आजही तेच चाललंय. एम.ए. इकॉनॉमिक्सची पोरं पेपर मराठीत लिहितात, रेफरन्स बुकं सगळी इंग्रजीत, मग गाईड आणायचं, पाठ करायचं नि मोकळं व्हायचं. बाजार समितीत कांद्याचा लिलाव कसा होतो, अडत्या भाव कसा पाडतो, हे त्यांना घरूनच ठाऊक असतं, पण त्यावर पेपरात एक ओळ नाही. फुल्यांनी १८८२ ला इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर कमिशनला सुनावलंच होतं की पैसा रयतेच्या कष्टाचा आणि शिकतात वरचे.

गणितवेडा:
पण त्या ५ टक्क्यांनी बिघडलं काय? एमएस्सीला मला पायची (π ची किंमत काढायची) लायबनिट्झ सिरीज शिकवली, तीच केरळात माधव या गणितज्ञाच्या परंपरेत दोन शतकांहून आधी होती हे एकाही सरांनी सांगितलं नाही. हा न्यूनगंड आधी जायला हवा.

निळी_पहाट:
दोघांनाही विचारते, त्या जुन्या परंपरेत आमच्या आज्यापणज्यांना दारात तरी उभं करत होते का, हे त्या ५ टक्क्यांत शिकवणार? आणि इंग्रजीला नावं ठेवणं आम्हाला परवडत नाही. सावित्रीबाईंनी इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या, बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनला शिकून आले आणि १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं. मराठीत शिका सांगणाऱ्यांची स्वतःची पोरं कुठल्या मीडियमला असतात ते बघा जरा.

कृष्णाकाठ:
ताई, परंपरेबद्दल १०० टक्के सहमत, पण इंग्रजी काढा असं मी म्हटलंच नाही. कर्व्यांनी १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं तेव्हा शिकवणं मराठीत आणि इंग्रजीही सक्तीची, दोन्ही जमलं. आणि गणितवेडा, माधव जरूर शिकवा, पण गणिताच्याच पेपरात शिकवा, वेगळ्या क्रेडिटला टाकला की पोरं त्याचंही गाईडच आणणार. माझा मुद्दा आहे तो हे सगळं ठरवतं कोण याचा. १९९४ च्या राज्याच्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या विद्यार्थ्यांच्या थेट निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात परत आल्या त्या कागदावरच.

गणितवेडा:
निवडणुका आल्या की पक्ष घुसतात, मारामाऱ्या होतात. १९८९ ला मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, बंदी उगाच नाही आली.

निळी_पहाट:
पक्ष आत्ता बाहेर आहेत का? २०२४ ला मुंबई विद्यापीठाच्या सिनेटला (अधिसभेला) पदवीधर गटात युवासेना आणि अभाविप (अखिल भारतीय विद्यार्थी परिषद) लढलेच की. वर्गात बसलेल्या पोरीला तेवढं मत नाही.