जपान कधी: साकुरा, मे की दिवाळी? (सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-३०२ : जपानचं घाटतंय. आम्ही दोघं, आठवीतला मुलगा आणि सासूबाई (६८). एजंट १ ते ९ एप्रिलची 'चेरी ब्लॉसम स्पेशल' टूर सुचवतोय. पैसे भरायच्या आधी जाणकारांनी सांगा, फुलं नक्की दिसतील?

बी-७०४ : ताई, नक्की कोणीच सांगू शकत नाही. टोकियोत यासुकुनी देवस्थानाच्या आवारात साकुराचं म्हणजे चेरीचं एक ठरलेलं झाड आहे. हवामान खात्याचा माणूस रोज जाऊन त्याच्या कळ्या बघतो. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की 'साकुरा फुलला' असं जाहीर होतं. २०२३ ला हे १४ मार्चला झालं, २०२४ ला २९ मार्चला. म्हणजे तब्बल १५ दिवसांचा फरक. कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि थंडीत झोपून असतात. पुरेशी थंडी खाल्ली की जाग्या होतात, मग मार्चच्या उबेवर फुलतात. त्यामुळे मार्च तापला की फुलं लवकर, गारवा रेंगाळला की उशिरा. पहिल्या फुलानंतर साधारण आठवड्याने भर बहर, तो आणखी आठवडाभर टिकतो. मध्येच वारा-पाऊस आला तर दोन दिवसांत खाली पाकळ्यांचा सडा.

सी-१०१ : त्यात २०२१ ला क्योटोत २६ मार्चलाच भर बहर होता. बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर कधीच आला नव्हता. १ एप्रिलला पोचणाऱ्यांना तिथे उतरती कळाच दिसली असणार.

फुलंच बघायची असतील तर एका शहरावर भिस्त ठेवू नका. बहर दक्षिणेकडून उत्तरेला आणि सखल भागातून डोंगरावर सरकत जातो. क्योटोतल्या निन्नाजी मंदिरातली बुटकी झाडं एप्रिलच्या मध्याला फुलतात, उत्तरेकडच्या हिरोसाकीचा किल्ला एप्रिलअखेर. एजंटला विचारा, हॉटेलं तारखेच्या किती दिवस आधीपर्यंत फुकट रद्द होतात. ठरीव ग्रुप टूरमध्ये अशी सोय मिळणं कठीण.

ए-३०२ : एप्रिलमध्ये मुलाची वार्षिक परीक्षा पण आहे. 😟 मग मेची सुट्टी?

बी-७०४ : मे छानच, पण पहिला आठवडा सोडून. २९ एप्रिलपासून 'गोल्डन वीक'. ३, ४ आणि ५ मे सलग सुट्ट्या, आणि त्यातली एखादी रविवारी आली तर ६ मेही सुट्टी (२०२६ ला तसंच). अख्खा देश घराबाहेर पडतो. टोकियो-क्योटो नोझोमी या बुलेट ट्रेनला एरवी विनाआरक्षण डबे असतात, या दिवसांत सगळी गाडी आरक्षित. हॉटेलचे दर चढे, फुजीकडच्या रस्त्यांवर रांगा.

७-८ मे उजाडला की हे ओसरतं. तिथून मेअखेरपर्यंत माझ्या मते शाळकरी मुलांच्या घरांसाठी याहून चांगला काळ नाही. टोकियोत दिवसा २२-२४ अंश, रात्री १५ च्या आसपास. पातळ जॅकेट पुरतं. सूर्य पावणेसातला मावळतो, म्हणजे पाच वाजता मंदिरं बंद झाली तरी हिंडायला उजेड उरतो. तातेयामा-कुरोबे या डोंगरी मार्गावरच्या बर्फाच्या भिंती अजून उभ्या असतात, माणसाच्या कितीतरी पट उंच. वर मुरोदो २,४५० मीटरवर आहे, तिथे मात्र सासूबाईंना लोकरी टोपी, हातमोजे आणि न घसरणारे बूट हवेतच. मेमध्ये क्योटोत शाळांच्या सहलीही असतात, म्हणून कियोमिझु मंदिर सकाळी ८ च्या आत उरका. ते ६ लाच उघडतं.

डी-५०३ : फुजीबद्दल एक भर. मेमध्ये तो दुपारी बहुतेक ढगात असतो. फुजीच्या पायथ्याच्या कावागुचिकोला एक रात्र मुक्काम करा आणि पहाटे ५ ते ८ मध्ये बघा. टोकियोहून दिवसाची सहल केली तर ११ वाजता पोचता आणि समोर नुसता पांढरा पडदा. स्वच्छ फुजी हवाच असेल तर डिसेंबर-जानेवारी.

ए-३०२ : शाळा १५ जूनला उघडते. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलं तर स्वस्त पडेल का?

सी-१०१ : पडेल, पण टोकियो-क्योटोत तेव्हाच 'त्सुयु' म्हणजे तिथला पावसाळा लागतो, जुलैच्या मध्यापर्यंत. आपल्यासारखा धो धो नाही, दिवसभर झिमझिम आणि दमट हवा. उत्तरेच्या होक्काइदो बेटाला तो लागत नाही, जूनमध्ये जायचंच तर तिकडे. ऑगस्ट ज्येष्ठांबरोबर नकोच: ३५ अंश, घामाच्या धारा, वर ओबोन या पितरांच्या सणाची गर्दी आणि वादळं. वादळ आलं की बुलेट ट्रेन आदल्या दिवशीच रद्द झाल्याचं जाहीर करतात.

ई-२०२ : दिवाळीत लाल पानं मिळतील का? आमचा तो विचार आहे.

बी-७०४ : दिवाळी कधी येते त्यावर आहे, काका. किमान तापमान ८ अंशांखाली जाऊ लागलं की मेपल रंगतो. टोकियोच्या उत्तरेला निक्कोच्या डोंगरात ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, क्योटोत नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत. २०२६ ला लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, म्हणून सुट्टीचे शेवटचे दिवस क्योटोसाठी ठेवा. २०२७ ला ते २९ ऑक्टोबरलाच आहे, तेव्हा क्योटो हिरवंगार असेल, निक्को धरा. पानं फुलांसारखी आठवड्यात संपत नाहीत, दोन-तीन आठवडे टिकतात. फक्त पाचच्या आत अंधार पडतो, म्हणून सकाळी लवकर निघा.

ए-३०२ : मग ८ ते १८ मे धरते. एजंटला नाही कळवते. व्हिसा आत्ताच करू?

सी-१०१ : आत्ता नको. टुरिस्ट व्हिसा मिळाल्यापासून ३ महिन्यांत तिथे दाखल व्हावं लागतं. मार्चच्या मध्याला अर्ज करा. बुलेट ट्रेनचं नेहमीचं आरक्षण बरोबर एक महिना आधी, जपानच्या सकाळी १० ला म्हणजे आपल्या साडेसहाला उघडतं. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर मोठ्या सामानाची जागा असलेली सीटच निवडा, ती डब्याच्या शेवटच्या रांगेत असते. सासूबाईंची बॅग आजच मोजून ठेवा, चाकं आणि हँडलसकट.