मदत हवी आहे: ॲस्टेरिक्सचा क्लिओपात्रावाला सिनेमा

मंडळी, भाचा सध्या ॲस्टेरिक्सच्या कॉमिक्समध्ये बुडालाय. ॲस्टेरिक्सचा जाडा दोस्त ओबेलिक्स स्फिंक्सवर चढतो नि त्याचं नाक तुटतं, ते पान तर दिवसातून दोनदा दाखवतो! त्याला २००२ चा आलँ शाबाचा फ्रेंच सिनेमा दाखवायचाय: मोनिका बेलुची क्लिओपात्रा, देपार्द्यू ओबेलिक्स. तीन महिन्यांत राजवाडा बांधायची पैज कॉमिकमधलीच. मोरोक्कोत उभारलेले सेट म्हणे डोळे दिपवणारे आहेत.

इंग्रजी सबटायटल्ससह मूळ फ्रेंच भारतात कुठे मिळेल? डबिंग शक्यतो नको, विनोदाची वाट लागते. नऊ वर्षांच्या पोराला सबटायटल्स झेपतील का? आणि १९९९ चा पहिला भाग आधी बघायलाच हवा, की थेट हाच लावू?