घरून काम आणि जुनी शासकीय प्रणाली: सुरुवात कोठून करावी?

प्रश्न:
आमच्या शासकीय कार्यालयात आठवड्यातील दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळाली आहे. अर्ज तपासण्याची प्रणाली मात्र केवळ कार्यालयातील संगणकांसाठी फार पूर्वी तयार झालेली असल्यामुळे कर्मचारी घरून व्हीपीएनद्वारे (इंटरनेटवरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारा सुरक्षित मार्ग) आत येतात, आणि एकदा आत आले की ज्यांच्याशी त्यांचा संबंध नाही अशा नोंदीही त्यांना दिसतात. संपूर्ण प्रणाली नव्याने बांधावी, की आधी सुरक्षेची डागडुजी करावी?

प्रतिसाद १:
आधी कर्मचाऱ्यांची लॉगिन खाती तपासावीत. मे २०२१ मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइनचा इंधनपुरवठा काही दिवस बंद पडला. हल्लेखोर शिरले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून, ज्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणीच नव्हती. बदली झालेल्या किंवा निवृत्त कर्मचाऱ्यांची किती खाती आपल्याकडे अजून चालू आहेत, हे पाहिल्यास बहुधा धक्काच बसेल. एनआयएसटी या अमेरिकी मानक संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये 'झीरो ट्रस्ट'ची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यानुसार नेटवर्कच्या आत असणे हा विश्वासाचा आधार ठरत नाही. कोण, कोणत्या उपकरणावरून आणि कोणती नोंद मागत आहे, हे पाहूनच प्रवेश द्यावा लागतो. आपली अडचण नेमकी हीच आहे. दुसऱ्या पडताळणीसाठी शक्य तेथे सुरक्षा-की (लॉगिनसाठी संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) वापरावी, कारण ओटीपी बनावट संकेतस्थळावर सहज काढून घेता येतो.

प्रतिसाद २:
वरील मताशी सहमत आहे, परंतु डागडुजीवर थांबू नये. वॉनाक्राय हे खंडणी मागणारे व्हायरससारखे सॉफ्टवेअर मे २०१७ मध्ये पसरले, तेव्हा ती त्रुटी दुरुस्त करणारा मायक्रोसॉफ्टचा पॅच येऊन दोन महिने झाले होते. जी प्रणाली बंद पडेल या भीतीने कोणी अद्ययावत करत नाही, ती व्हीपीएनमागे ठेवूनही असुरक्षितच राहते. मात्र सगळे एकदम नव्याने बांधण्याचा मोह टाळावा, कारण जुन्या कोडमध्ये असे कितीतरी नियम दडलेले असतात, जे कोणत्याही परिपत्रकात सापडत नाहीत. एकेक सेवा बाहेर काढून जुन्या प्रणालीला एपीआयद्वारे (दोन प्रणालींनी एकमेकींकडून माहिती मागण्याची ठरलेली पद्धत) जोडावी.

प्रश्नकर्ता:
यातून नागरिकांना काय मिळेल?

प्रतिसाद ३:
एस्टोनियात २००१ पासून एक्स-रोड या माहिती देवाणघेवाणीच्या व्यवस्थेवरून शासकीय खाती एकमेकांकडील माहिती सुरक्षितपणे मागवतात, त्यामुळे एका खात्याकडे असलेला दाखला दुसऱ्या खात्यासाठी नागरिकाला पुन्हा आणावा लागत नाही. आपणही पहिली सेवा निवडताना, कोणत्या अर्जाला सर्वाधिक वेळा तीच ती कागदपत्रे मागितली जातात, हे खिडकीवरील कर्मचाऱ्यांना विचारावे.