फ्लॅट आता घ्यावा की निवडणूक होईपर्यंत थांबावं? शनिवारपर्यंत उत्तर द्यायचंय

अडकलेला_फोंडेकर
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येतो. गोव्यात फोंड्याजवळ कुर्टीला टू बीएचके बघितलाय, ५८ लाख सांगतात. बिल्डरचा माणूस रोज फोन करतोय. शनिवारी टोकन दिलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे. घरात दोन तट पडलेत. बाबांचं म्हणणं, २०२७ च्या सुरुवातीला विधानसभा, सरकार बदललं की जमिनीचे नियम बदलतात, थांब. बायको म्हणते, भाडं भरभरून मालकाचा वरचा मजला झाला, आपलं कधी? त्यात कंपनीचा बराच माल अमेरिकेला जातो, टॅरिफची बातमी आली की एचआरवाल्यांचे चेहरे बघवत नाहीत. व्याज अजून खाली येईल का? घ्यावा की नको, एवढंच सांगा. वकिलाचं वगैरे मी बघेन.

तिसरा_मजला
तयार आहे की बांधकाम चालू? कर्ज किती? नोकरी कायम की कंत्राटी? काहीच लिहायचं नाही आणि वर "एवढंच सांगा".

काजूबोंडू
डोळे मिटून घ्या. २०१२ ला सरकार बदललं, त्याच वर्षी खाणी बंद पडल्या, २०१८ ला पुन्हा लीज रद्द झाल्या. तेव्हाही लोक म्हणत होते की गोव्यात आता जागेला कोण विचारतो. पेडण्यात मोपचा विमानतळ सुरू झाल्यावर काय झालं ते बघा. जे थांबले ते अजून थांबलेत. मी २०१५ ला घेतला, तेव्हा माझे काकासुद्धा थांब म्हणाले होते.

तिसरा_मजला
पेडण्याच्या दरावरून कुर्टीचा फ्लॅट घ्यायचा होय?

पासबुक
व्याजाचं मी सांगतो, बँकेत आहे. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ६.५० वरून ५.२५ वर आला. आणखी किती उतरेल यावर घर ठरवू नका. ५० लाख, वीस वर्षं, ८ टक्के धरले तर हप्ता ४१,८०० च्या आसपास. ९ झाले तर ४५,०००. तीन-सव्वातीन हजारांनी संसार मोडत नाही, पगार थांबला तर मोडतो. दोघांपैकी एकाच्याच पगारात हप्ता बसतो का, ते आधी बघा.

अडकलेला_फोंडेकर
बांधकाम चालू आहे, दुसरा स्लॅब पडलाय. कर्ज ४५. मी कायम, बायको कंत्राटावर. माझ्या एकट्याच्या पगारात बसतो, पण मग बाकी काही बसत नाही. टोकन १२ लाख मागतात.

पासबुक
१२ लाखांना टोकन म्हणतात? करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांवर घेताच येत नाही, रेरा म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याचं कलम १३. म्हणजे जास्तीत जास्त ५.८०. आणि ५८ मध्ये जीएसटी धरलाय का? बांधकाम चालू असलेल्याला ५ टक्के, म्हणजे २.९० लाख वर. स्टॅम्प ड्युटी, नोंदणी वेगळी.

वास्तुमित्र
मुख्य दार दक्षिणेला नाही ना?

बोरकर_पलीकडचा
वेर्ण्याला कामाला असाल तर रोज बोरीच्या पुलावर अडकणार. नवा पूल होईल तेव्हा घ्या.

खाजनवाला
नव्या पुलाखाली लोटलीच्या शेतकऱ्यांची खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, जाणार, त्याचं काय? तुम्हाला वीस मिनिटं वाचली म्हणजे झालं.

बोरकर_पलीकडचा
वीस नव्हे, कधीकधी तास. या एकदा संध्याकाळी.

भाटातली_मावशी
पुलाचं वेगळ्या धाग्यावर भांडा बाबांनो. फोंडेकर, एक-चौदाचा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा, पाहिलात का? निवडणूक, टॅरिफ सगळं नंतर. कब्जेदार म्हणून कोणाकोणाची नावं आहेत? भावंडं असतील तर त्यांचे नवरे-बायकासुद्धा सहीला लागतात, आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून संपत्ती नवरा-बायकोची निम्मी-निम्मी. एखादा भाऊ लिस्बनला असला की मुखत्यारपत्राची वाट बघत बसा. कूळ नि मुंडकाराचंही, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचंही, नाव बघा. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे, त्याचं घर कोपऱ्यात असेल तर ते बिल्डरने "बघून घेतो" म्हटल्याने हलत नाही. जमीन बिगरशेती केल्याची सनद आहे का? आराखड्यात झोन कुठला?

अडकलेला_फोंडेकर
सनद आहे म्हणाला, दाखवली नाही. झोन सेटलमेंट, म्हणजे घरांचा. आधी ऑर्चर्ड, बागायतीचा होता, तो दुरुस्त करून घेतला म्हणे.

भाटातली_मावशी
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! दुरुस्त नगरनियोजन कायद्याच्या कुठल्या कलमाखाली, १७(२) की ३९ए? झोन दोन्हींखाली बदलतात. प्रादेशिक आराखड्यात एकेका प्लॉटचा झोन "चुकून पडलेला" म्हणून बदलायला २०२३ मध्ये १७(२) आणलं. त्याचे नियम हायकोर्टाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. तुमचे बाबा निवडणुकीचं म्हणतात ते अगदीच चूक नाही, पण तुमची निवडणूक त्या फाइलमध्ये आहे.

काजूबोंडू
मावशी, घाबरवू नका. गोव्यात कोर्टात काय नाही? दुसरा स्लॅब पडलाय, पाडायला कोण येतंय.

भाटातली_मावशी
पाडायला नको कोणी यायला. ऑक्युपन्सी, म्हणजे राहायला जायचा दाखला, अडकली तरी पुरे. भाडंही भरा, हप्ताही भरा. आमच्या वाड्याजवळ अशी एक इमारत उभी आहे. तिथे राहणारे अजून टँकरने पाणी आणतात, आणि बिल्डर दुसरीकडे प्रकल्प करतोय.

पासबुक
मावशींना +१. फोंडेकर, त्या प्रकल्पाला कर्ज द्यायला किती बँका तयार आहेत ते विचारा. एकच असेल तर का, तेही.

मोप_प्लॉट_थेट_मालकाकडून
दादा, फ्लॅटपेक्षा प्लॉट बरा. विमानतळापासून दहा मिनिटं. व्यक्तिगत निरोप पाठवा.

तिसरा_मजला
झोन?

मोप_प्लॉट_थेट_मालकाकडून
होऊन जाईल.

अडकलेला_फोंडेकर
सगळ्यांचे आभार, वास्तुमित्र तुमचेही, दार पूर्वेला आहे. बिल्डरच्या माणसाला सांगितलं, सनद, एक-चौदा आणि झोन बदलाची ऑर्डर पाठवा, वकिलाने पाहिल्याशिवाय पैसे नाहीत, आणि तेही करारावर. तो म्हणाला, कागद ऑफिसात येऊन बघा, कॉपी मिळणार नाही. मी म्हटलं, मग शनिवारी जमणार नाही. तेव्हा कळलं की ते दुसरं गिऱ्हाईक पुढच्या महिन्यापर्यंत थांबायला तयार आहे. मावशी, ऑर्डर कुठल्या कलमाखालची ते सर्व्हे नंबरवरून मला स्वतःला काढता येईल का? नंबर आहे माझ्याकडे.

भाटातली_मावशी
येईल. बदलांच्या अधिसूचना राजपत्रात येतात, सर्व्हे नंबर नि गावाचं नाव धरून शोधा. नाही सापडलं तर नगरनियोजन खात्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. नंबर इथे टाकू नका.