विनिमय, विनियम आणि 'परस्पर' निधी

फोंड्याची वाचक
नमस्कार. आमच्या वाचनालयात नव्या गुंतवणूकदारांसाठी व्याख्यान ठेवलंय. त्याचं दोन पानी पत्रक इंग्रजीतून मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सेबीचं, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं, पूर्ण नाव मी 'भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ' असं लिहिलं. प्रूफ आलं तर 'विनियम मंडळ'! दुरुस्त करून पाठवलं, तर छापखान्यातले काका म्हणतात, "ताई, ते लोक नियम करतात ना? मग विनियमच बरोबर." खरं सांगते, क्षणभर मलाच शंका आली.
शिवाय दोन प्रश्न. 'रेग्युलेशन्स'ना नियम म्हणू की विनियम? आणि 'म्युच्युअल फंड'ला एका शब्दकोशात 'परस्पर निधी' मिळालं, ते चालेल का?

जुना मुद्रितशोधक
काकांचा तर्क चोख आहे, फक्त शब्द दुसरा आहे. विनिमयात 'मे' धातू आहे, अदलाबदल करणे. वस्तुविनिमय आठवा. विनियमात 'यम्' आहे, आवरणे, लगाम घालणे. 'म' आणि 'य' यांनी जागा बदलल्या की बाजाराचा लगाम होतो. चाळीस वर्षं प्रुफं वाचली, ही चूक मीही दोनदा सोडलीय.
नावातला विनिमय हा 'स्टॉक एक्स्चेंज'मधल्या एक्स्चेंजसाठी आलाय. तिथेच गोम आहे. इंग्रजीत ती जागा आहे, मराठीत विनिमय ही नुसती क्रिया. "विनिमयात गेलो होतो" असं कुणी म्हणत नाही, शेअरबाजारात म्हणतो. पण अधिकृत नाव ते नाव, तिथे हात लावू नका.

मांडवीकाठ
आमचे आजोबा शेअरबाजाराला 'बोल्सा' म्हणायचे, पोर्तुगीज शब्द. आणि कोंकणीत खिसा म्हणजे बोल्स. एकातून दुसऱ्यात पैसे कसे जातात ते त्यांना पुरतं ठाऊक होतं :)

पायरीवरचा वकील
नियम-विनियमाचं मी सांगतो, कारण इथे शब्द बदलला की कर्ता बदलतो.
सेबीचा अधिनियम, म्हणजे संसदेने केलेला कायदा, १९९२ चा. त्याच्या कलम २९ प्रमाणे *नियम* करतं केंद्र सरकार. कलम ३० प्रमाणे *विनियम* करतं खुद्द मंडळ. दोन्ही कलम ३१ प्रमाणे संसदेपुढे ठेवावे लागतात. म्हणजे तुमच्या पत्रकात 'म्युच्युअल फंड नियम' छापलंत, तर ते दिल्लीत मंत्रालयाने केले असा अर्थ निघतो. ते विनियम आहेत, मुंबईत मंडळाने केलेले. संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्येही अध्यादेश, आदेश, उपविधी, नियम, विनियम, अधिसूचना असे वेगवेगळे मोजलेत. उगाच नाही.
आणखी एक पायरी खाली उतरा. शेअरबाजार स्वतःसाठी करतात त्या *उपविधी*. रोखे करार (विनियमन) अधिनियम, १९५६ मध्ये तशी तरतूद आहे, मात्र मंजुरी सेबीची लागते. उपविधी म्हणजे आपल्या हाऊसिंग सोसायटीत ज्यावरून दर रविवारी भांडणं होतात ते 'बायलॉज'. आणि सेबीचं *परिपत्रक* वेगळंच. ते संसदेपुढे जात नाही, पण ब्रोकरची झोप उडते ती बहुतेक त्यानेच.

फोंड्याची वाचक
वकीलसाहेब, मग वर्तमानपत्रं सेबीला कधी 'बाजार नियंत्रक' म्हणतात, कधी 'नियामक'. ते एकच ना?

पायरीवरचा वकील
नाही हो. नियंत्रक खरोखर होता! १९४७ च्या भांडवल उभारणी नियंत्रण कायद्याखाली. कंपनीने शेअर काढायचे का आणि किती किमतीला, हे तो सांगायचा. १९९२ मध्ये तो कायदा गेला. सेबी किंमत ठरवत नाही. काय उघड केलंत, काय लपवलंत, ते बघते. म्हणून नियामक. नियंत्रक लिहिणं म्हणजे निवृत्त माणसाच्या खुर्चीवर नव्याला बसवून जुन्याच नावाने हाक मारणं.

माशेलचा शास्त्री
नावात 'सिक्युरिटीज'साठी आलेल्या 'प्रतिभूती'बद्दल कुणी बोललं नाही. संस्कृतात *प्रतिभू* म्हणजे जामीन राहणारा. याज्ञवल्क्यस्मृतीत प्रातिभाव्य, म्हणजे जामीनकी, तीन कामांसाठी सांगितलंय: दर्शन, प्रत्यय, दान. माणसाला हजर करीन, तो विश्वासू आहे, किंवा त्याने नाही दिलं तर मी देईन. आता मला सांगा, शेअरमध्ये यांतलं कोण काय देतं? भाव पडला तर कुणी प्रतिभू उभा राहत नाही. इंग्रजी 'सिक्युरिटी'त तारण आणि कागद दोन्ही आहेत, आपण भाषांतरात तारण तेवढं उचललं. नावाबाहेर 'रोखे' लिहा. सरकारी रोखे, कर्जरोखे, रोखेबाजार, सगळं रुळलेलं आहे.

मांडवीकाठ
शेअरला रोखा म्हणायला माझी जीभ वळत नाही. रोखा म्हटलं की व्याज आलं. मी 'शेअर आणि रोखे' असं जोडीने लिहितो.

माशेलचा शास्त्री
पटलं. पत्रकासाठी तेच बरं.

जुना मुद्रितशोधक
आता 'परस्पर निधी'. कृपा करून नको. आपल्याकडे 'परस्पर' कधी वापरतात? "भावाने जमीन परस्पर विकली." "पैसे परस्पर उचलले." गुंतवणूकदारांच्या पत्रकात हाच शब्द! शिवाय कंपनी कायद्यात 'निधी' नावाच्या कंपन्यांचा निराळा प्रकार आहे, सभासदांकडून ठेवी घेऊन सभासदांनाच कर्ज देणाऱ्या. घोळात घोळ.
'गुंतवणूक कंपनी'ही लिहू नका. अमेरिकेत १९४० च्या कायद्याचं नावच तसं आहे, तिथे शोभतं. आपल्याकडे म्युच्युअल फंड हा न्यास, म्हणजे ट्रस्ट, असतो. मालमत्ता विश्वस्तांच्या हाती, आणि पैसे कुठे घालायचे ते ठरवणारी व्यवस्थापन कंपनी वेगळी. सरळ 'म्युच्युअल फंड' लिहा. फंड हा शब्द भिशीवाल्या बायकांनाही कळतो.

फोंड्याची वाचक
सगळ्यांचे आभार. छापखान्यात जाऊन आले. विनिमय झालं, विनियमही जागेवर बसलं, परस्पर काढलं. काका सगळं ऐकून म्हणाले, "बरं. पण ताई, ह्या म-य च्या भानगडीत दुसऱ्या पानावर 'नियामक'चं 'निमायक' झालंय, ते कोण बघणार?"