बार्बाडोसमध्ये समुद्रकाठी राहायचे आहे : पश्चिम किनारा घ्यावा की दक्षिण?

हडसनकाठी

न्यू जर्सीतली कडाक्याची थंडी काही दिवस तरी चुकवावी म्हणून येत्या फेब्रुवारीत सहकुटुंब बार्बाडोस या कॅरिबियन बेटावर जाण्याचा विचार आहे. आम्ही दोघे, शाळकरी मुले आणि पुण्याहून आमच्याकडे आलेले आई-बाबा असा लवाजमा आहे. आईचे गुडघे दुखतात, ती पूर्ण शाकाहारी आहे आणि पोहता येत नसले तरी समुद्रात निवांत बसायला मिळावे एवढीच तिची इच्छा आहे. बाबांना केन्सिंग्टन ओव्हल हे तिथले क्रिकेटचे मैदान पाहायचे आहे. त्यापलीकडे त्यांची काही मागणी नाही.

अडचण अशी, की प्रत्येक रिसॉर्ट स्वतःला ‘समुद्रकाठचे’ म्हणवते, छायाचित्रांत सगळीकडचे पाणी सारखेच निळे दिसते आणि भाड्यात मात्र दुपटी-तिपटीचा फरक आहे. पश्चिम किनाऱ्यासाठी एवढे पैसे मोजावेत का, की दक्षिण किनारा पुरेसा आहे? जेवणखाण धरून असलेले ऑल-इन्क्लुझिव्ह घ्यावे, की स्वयंपाकघर असलेली खोली? आम्हा चारही मोठ्यांचे पासपोर्ट भारतीय आहेत, तेव्हा व्हिसाचेही सांगावे.

ब्रिजटाउनवासी

मी नोकरीनिमित्त इथेच राहतो आणि सुट्टीत येणाऱ्या नातेवाइकांना हेच सांगत आलो आहे, की भाड्यातल्या फरकाचे मूळ वाऱ्यात आहे. हे बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्यावरून जवळजवळ वर्षभर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात. त्यामुळे अटलांटिकच्या लाटा पूर्व किनाऱ्यावर थेट येऊन आदळतात. तिथल्या बाथशीबा गावचे प्रचंड खडक आणि फेसाळते पाणी पाहायला जरूर जावे, पण तिथे पाण्यात उतरू नये. ती जागा सराईत सर्फरांची आहे. पश्चिम किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने तिथले पाणी बहुतेक दिवस संथ असते. पिढ्यान्‌पिढ्या धनिकांनी तिथे बंगले बांधले, म्हणून त्याला ‘प्लॅटिनम कोस्ट’ असे नाव पडले आणि भाडी आजही त्या नावाला साजेशी आहेत.

मात्र तुमच्या आईंसाठी मी पश्चिम किनारा सुचवणार नाही. तिथली बहुतेक रिसॉर्टे मुख्य रस्ता आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीत वसलेली आहेत. फाटकाबाहेर पडले की वेगाने धावणाऱ्या व्हॅन आणि पुष्कळ ठिकाणी पदपथाचा अभाव, यामुळे संध्याकाळी सहज चार पावले चालून यावे म्हटले तरी ते जमत नाही. शिवाय डिसेंबर ते मार्च या काळात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांमुळे उठलेल्या मोठ्या लाटा अधूनमधून याच किनाऱ्यावर येतात. अशा दिवसांत वाळूचा पट्टा आक्रसतो आणि ‘संथ पाणी’ म्हणून दिलेल्या जास्तीच्या पैशांचा उपयोग होत नाही. हे रोजचे नाही, पण फेब्रुवारीत घडू शकते.

दक्षिण किनारा मधल्या स्वभावाचा आहे. पूर्वेला सिल्व्हर सँड्सकडे वारा इतका असतो, की तिथे पतंग बांधून लाटांवर घसरणाऱ्यांची गर्दी असते. पश्चिमेकडे सरकत राजधानी ब्रिजटाउनच्या जवळ यावे तसे पाणी शांत होत जाते. वर्दिंगला किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर प्रवाळाची रांग असल्याने अलीकडे उथळ पाणी साचल्यासारखे राहते, आणि कार्लाइल बे तर बहुतेक वेळा पश्चिम किनाऱ्याइतकाच स्थिर असतो. हेस्टिंग्ज ते रॉकली या भागात समुद्राला लागून सलग, सपाट फिरण्याचा मार्ग बांधलेला आहे आणि त्यावर बाकेही आहेत. गुडघेदुखी असलेल्या माणसाला खोलीत संगमरवर असण्यापेक्षा हा मार्ग जास्त उपयोगाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

खोली घेताना ‘ओशन फ्रंट’ आणि ‘ओशन व्ह्यू’ या दोन शब्दांत गल्लत करू नका. पहिल्यात खोली थेट समुद्रासमोर असते. दुसऱ्यात गॅलरीच्या कोपऱ्यातून मान तिरकी करून समुद्र दिसला तरी हॉटेलच्या लेखी शब्द पाळला जातो. तळमजला किंवा लिफ्ट आहे का, आणि वाळूवर उतरायला पायऱ्या किती आहेत, हे ईमेलने लेखी विचारून घ्यावे.

कागद आधी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु खोली ठरवण्याआधी पासपोर्ट उघडून पाहा. बार्बाडोसला पर्यटनासाठी जाताना भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागत नाही आणि याच सोयीमुळे अमेरिकेतले आपले लोक गाफील राहतात, कारण अडचण जाताना येत नाही, परतताना येते. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि पासपोर्टवरच्या अमेरिकी व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर फक्त आय-७९७ या मंजुरीच्या कागदावर बार्बाडोसहून अमेरिकेत परतता येणार नाही. मुदत संपलेल्या व्हिसावर परत येण्याची जी सवलत ऐकिवात असते, ती एच-१बीच्या बाबतीत कॅनडा आणि मेक्सिकोच्या अल्पकाळाच्या फेरीपुरती आहे. कॅरिबियन बेटे त्यात येत नाहीत.

आई-बाबांच्या अमेरिकेच्या व्हिसावर एकाहून अधिक प्रवेशांची मुभा आहे ना, ते पाहा. आणि परतल्यावर त्यांना नव्याने सहा महिने मिळतील असे गृहीत धरून पुण्याच्या परतीची तिकिटे ठरवू नका, कारण तो निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा असतो. त्यांच्यासाठी अमेरिकेत घेतलेला आरोग्यविमा बार्बाडोसमध्ये चालतो का, हेही पॉलिसीत वाचून घ्यावे. कित्येक पॉलिसी अमेरिकेबाहेरचे दिवस धरत नाहीत किंवा त्यांवर मर्यादा घालतात.

हडसनकाठी

दोघांचेही आभार. व्हिसाच्या तारखा तपासल्या. सगळे व्हिसा पुढच्या वर्षापर्यंत चालू आहेत. आता हेस्टिंग्ज-वर्दिंगच्या बाजूलाच पाहतो आहे. प्रश्न उरतो तो जेवणाचा. ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये आईची सोय होईल का?

नीरफणस

आम्ही टोरांटोहून हिवाळ्यात तिकडे जात असतो आणि आमच्या घरातही दोन माणसे कडक शाकाहारी आहेत. ऑल-इन्क्लुझिव्हच्या भाड्यात मद्याचा वाटा मोठा असतो. तुमच्यापैकी कोणी दुपारपासून रमचे पेले रिचवणार नसेल, तर सहा माणसांचे ते पैसे दुसऱ्या कोणाच्या मौजेसाठी भरल्यासारखे होतात. तिथल्या बुफेत शाकाहारी माणसाच्या वाट्याला सॅलड, पास्ता आणि फळे येतात. पहिल्या दिवशी ते छान वाटते, पुढे घरच्या वरणभाताची आठवण येऊ लागते. म्हणून लहानसे स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी.

बाहेर खाण्याची आबाळ मुळीच होत नाही, फक्त विचारून खावे लागते. बटाटा आणि हरभऱ्याची भाजी भरलेली रोटी पुष्कळ ठिकाणी मिळते. हा पदार्थ त्रिनिदादच्या भारतीय मजुरांच्या वंशजांकडून तिकडे आला आहे. मक्याच्या पिठात भेंडी घालून घोटलेले कूकू हे बार्बाडोसचे राष्ट्रीय अन्न उडत्या माशांबरोबर वाढतात, पण मासे आणि त्यांचा रस्सा न घालता मागता येते. रास्ताफारी पंथाच्या मंडळींच्या ‘आयटल’ खानावळींत मांस नसतेच. भात आणि कडधान्य एकत्र शिजवलेला ‘राइस अँड पीज’ मात्र न विचारता घेऊ नका, कारण त्यात बऱ्याचदा खारवलेले डुकराचे मांस घालतात. माझ्या नावाचे फळ तिथे ब्रेडफ्रूट म्हणून विकले जाते. कोकणातल्या पद्धतीने तिखट-मीठ-रवा लावून त्याची कापे केली, तर आई खूश होतील. बाजारातला बहुतेक किराणा आयात केलेला आणि म्हणून महाग असतो, तेव्हा डाळ, मसाले आणि पोह्यांसारखी सीलबंद कोरडी पाकिटे घरूनच न्यावीत आणि विमानतळावर ती जाहीर करावीत. विजेचा दाब ११५ व्होल्ट असल्याने अमेरिकेतली विजेची भांडी आणि चार्जर चालतात. पुण्याहून आणलेला कुकर विजेचा असेल तर तो घरीच ठेवावा.

हिशेब करताना खोलीच्या भाड्यावर व्हॅट, बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवाशुल्क आणि दर रात्रीची लेव्ही (खोलीवरचा कर) हे तिन्ही धरले आहेत का, ते पाहावे. भाव अमेरिकी डॉलरमध्ये आहे की स्थानिक, हेही विचारावे. १ अमेरिकी डॉलरला २ बार्बाडोस डॉलर हा दर १९७५ पासून बांधलेला आहे आणि नवख्या माणसाची तिथेच फसगत होते.

ब्रिजटाउनवासी

काही राहिलेल्या गोष्टी लिहितो. मुलांच्या कपड्यांत लष्करी ठिपक्यांचा कोणताही कपडा नको. टोपी आणि पिशवीसुद्धा नको. लष्कराव्यतिरिक्त कोणीही तसे कपडे वापरणे इथे कायद्याने गुन्हा आहे आणि लहान मुलांनाही त्यातून सूट नाही. किनाऱ्यावर काही झाडांच्या खोडावर लाल पट्टा रंगवलेला दिसेल. ती मॅनचिनीलची झाडे आहेत. त्यांची हिरवी, लहान सफरचंदासारखी फळे विषारी असतात आणि चिकाने कातडीवर फोड येतात, म्हणून पावसाची सर आली तरी त्यांच्याखाली आडोसा घेऊ नये. सारगॅसम नावाचे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून इथे लोटू लागले आहे. ते मुख्यतः पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर येते आणि सडले की कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. फेब्रुवारीत त्याचा त्रास सहसा कमी असतो. तरीही निघण्याच्या आठवड्यात पर्यटकांनी टाकलेली ताजी छायाचित्रे पाहावीत, रिसॉर्टची नव्हे.

इथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत, त्यामुळे कोणत्याही रिसॉर्टला वाळू अडवता येत नाही. सूर्य वर येण्याच्या सुमाराला स्थानिक वृद्ध मंडळी समुद्रस्नानासाठी येतात आणि छातीभर पाण्यात उभी राहून तासभर गप्पा मारतात. आईंना तेव्हा कार्लाइल बेच्या उथळ भागात न्यावे. ऊन नसते, वारा पडलेला असतो आणि सोबत आपोआप मिळते.

बाबांचे ओव्हल हेस्टिंग्जहून ब्रिजटाउन ओलांडून पलीकडे आहे. बसचे तिकीट अंतर कितीही असले तरी साडेतीन बार्बाडोस डॉलर आहे, पण मध्ये बस बदलावी लागते, म्हणून आई सोबत असतील तर टॅक्सी करावी आणि भाडे बसण्याआधी ठरवावे, कारण इथल्या टॅक्सींना मीटर नसतात. बाबांना १९९७ साली इथे वेस्ट इंडीजविरुद्ध १२० धावांचा पाठलाग करताना ८१ मध्ये आटोपलेला आपला डाव आठवत असेल. त्याच मैदानावर २९ जून २०२४ रोजी रोहित शर्माच्या संघाने टी-२० विश्वचषक जिंकला आणि पाठोपाठ आलेल्या बेरिल चक्रीवादळामुळे विमानतळ बंद होऊन तो संघ इथेच अडकून पडला. ते वादळांचे दिवस जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचे असतात, तेव्हा फेब्रुवारीत ती काळजी नको. सामना नसलेल्या दिवशी मैदान आतून पाहता येईल का, हे आधी फोन करून विचारावे. निदान बाहेरचा, वेस्ट इंडीजचे थोर खेळाडू गारफिल्ड सोबर्स यांचा पुतळा तरी कोणत्याही दिवशी पाहता येतो.