छोटं, महागडं पिस्तूल घेण्याआधी काय तपासावं?

शुक्रवार, रात्री १०:४० – सीडर पार्कहून (टेक्सास)

नमस्कार मंडळी,

हा विषय आपल्या मंडळाच्या ईमेल लिस्टवर फारसा निघत नाही, पण घरच्या माणसांना विचारावं तसं विचारतो आहे. मागच्या महिन्यात पहाटे तीनला कुणीतरी आमच्या मागच्या दाराचं कुलूप चाचपत होतं. पोलीस येईपर्यंत तो पळाला. पण तेवढा वेळ मी आणि बायको लेकीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलो होतो. ती सहा वर्षांची आहे, तिला जागही आली नाही.

तेव्हापासून दोघांच्या मनात पिस्तूल घ्यायचं आहे. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं, त्यामुळे ती अडचण नाही. दुकानात स्टॅकाटो कंपनीचं सीएस हे छोटं पिस्तूल हातात घेतलं आणि खरं सांगतो, खाली ठेववेना. स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, लोण्यासारखी सरकते, चाप (ट्रिगर) कधी सुटला ते कळतही नाही. किंमत मात्र अडीच हजार डॉलरच्या आसपास. शेजारीच ग्लॉक कंपनीचं १९ होतं, सहाशेच्या आत.

कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू टू रायफल चालवली होती, त्यालाही वीस वर्षं झाली. एवढे पैसे घालणं योग्य आहे का? घेण्याआधी नेमकं काय बघायचं? दसऱ्याच्या आत घ्यावं, खंडेनवमीला पूजेत ठेवावं असं मनात आहे.

---

शनिवार, सकाळी ७:१५ – जॉर्जटाउनहून, बापूकाका

अरे, त्या रात्रीचं वाचून पोटात कालवलं. तिघं सुखरूप आहात, हे महत्त्वाचं.

आता पिस्तुलाचं. तू पाहिलंस ते उत्तमच आहे. स्टॅकाटो ही कंपनी आपल्याच मध्य टेक्सासातली. २०२० पर्यंत ती एसटीआय नावाने स्पर्धेची पिस्तुलं बनवायची. सीएस २०२२ मध्ये आलं: साडेतीन इंची नळी, १६ गोळ्यांचं मॅगझीन. त्याची जात जॉन ब्राउनिंगच्या १९११ च्या पिस्तुलाची. घोडा मागे चढलेला, सेफ्टीचा खटका लावलेला, आणि चाप हलका, जेमतेम इंचाच्या काही अंशात सुटणारा. तुझा हात ज्याला भुलला ते हेच. पैसेही त्याचेच पडतात: भाग हाताने बसवलेले, नळी दर वेळी त्याच जागी येऊन बसणारी.

पण काउंटरवर पिस्तूल कळत नाही. तिथे ते रिकामं असतं, तू निवांत असतोस, दिवे लखलखीत असतात. मी हे पैसे मोजून शिकलो. सहा वर्षांपूर्वी असंच एक देखणं, लहान, महाग पिस्तूल घेतलं. कंपनीचं नाव घेत नाही. सरावाच्या गोळ्या ते मुकाट खायचं. घरी ठेवायच्या पोकळ टोकाच्या गोळ्या भरल्या आणि नवव्या गोळीला स्लाइड पूर्ण पुढे आलीच नाही. तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. तेवढी फट असली की चाप ओढून काही होत नाही. पिस्तूल कारखान्यात गेलं, स्प्रिंग बदलून दीड महिन्याने परत आलं आणि पुढे नीट चाललं. पण तो दीड महिना ज्याच्या भरवशावर मी निजत होतो ते घरात नव्हतं.

लहान पिस्तुलात असं का होतं, ते समजून घे. नळी आखूड की स्लाइडही आखूड आणि हलकी. तिला मागे जायला जागा कमी, म्हणून स्प्रिंग कडक लागते. पुंगळी बाहेर फेकणं, पुढची गोळी उचलणं, ती नळीत सारणं, सगळं कमी वेळात उरकायचं असतं. मनगट जरा सैल पडलं, स्प्रिंग जुनी झाली किंवा गोळीचा आकार वेगळा असला की तिथेच अडतं. म्हणून माहितीपुस्तिकेत स्प्रिंग किती गोळ्यांनंतर बदलायची ते आधी वाच. पिस्तूल जितकं लहान, तितकी ती लवकर बदलावी लागते.

आता चापाबद्दल. आमच्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण मिळवलं. त्या प्रकारात चापाला किमान एक किलो वजन लागतं. सीएसचा चाप चार पौंडांच्या आसपास, ग्लॉकचा साडेपाच, म्हणजे अडीच किलो. नेमबाजीत हलका चाप वरदान असतो. घाबरून घामेजलेल्या हाताला मात्र थोडा जड आणि लांब चाप सावधपणा देतो. सीएसवर अंगठ्याने खटका खाली करावा लागतो, ग्लॉकवर असा खटकाच नाही. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत, पण हाताला एकच पद्धत मुरली पाहिजे. आणि ती तुझ्या एकट्याच्या हाताला मुरून चालणार नाही, सूनबाईंच्याही मुरली पाहिजे.

म्हणून दुकानात असं कर. विक्रेत्याने दाखवलं असलं तरी मॅगझीन स्वतः काढ, स्लाइड मागे ओढून अडकव, नळीच्या मागच्या तोंडात डोळ्यांनी बघ आणि करंगळी घालून बघ. मग स्लाइड सूनबाईंना ओढू दे. दंडाच्या जोराने नाही जमलं, तर डावा तळवा वरून घट्ट धरून उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायला सांग, बहुतेकांना जमतं. मॅगझीनचं बटण मूठ न सोडता दाबता येतं का? रिकामं मॅगझीन आपोआप खाली पडतं का? खटका ठाम बसतो की लुळा आहे? बार न उडणारं, सरावाचं नकली काडतूस घालून चाप ओढायची परवानगी माग. उघडून साफ कसं करतात तेही बघ. ग्लॉक उघडताना चाप ओढावा लागतो, म्हणून नळी रिकामी असल्याची दोनदा खात्री ही तिथे सक्तीच समज.

तुझी चाळिशी झालीच असेल. प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून पुढची साइट, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, धूसर दिसते, मला दिसायची. रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, लावल्यावर फरक पडला. सीएसवर तो बसवायची सोय आहे. डोळ्यात तिरपा नंबर असेल तर मात्र तो ठिपका चांदणीसारखा पसरतो, आधी डोळ्याला लावून बघ.

आणि खरी परीक्षा नेमबाजीच्या रेंजवर. दोन्ही पिस्तुलं भाड्याने मिळतात. सात यार्डांवर कागदी ताटली लाव. पाच-पाच गोळ्या, आळीपाळीने, दोघांनीही, निदान शंभर-शंभर. किती ताटलीत लागल्या आणि कुठे अडलं, ते वहीत लिही. शेवटच्या वीस गोळ्या हात दुखायला लागल्यावर मार. त्याच खऱ्या.

दोन किमतींतला फरक जवळजवळ दोन हजारांचा. सरावाची गोळी पंचवीस-तीस सेंटला पडते. त्या पैशांत तिजोरी, दोघांचा क्लास आणि तीन-चार हजार गोळ्या येतात. तरीही सीएसच घ्यावंसं वाटलं तर आनंदाने घे, फक्त हा सगळा खर्च त्याच्या वर धर.

बापूकाका

---

शनिवार, दुपारी १:०५ – ऑस्टिनहून, ताई

काकांनी पिस्तुलाचं सांगितलं, मी घराचं सांगते. मी लहान मुलांच्या इमर्जन्सीमध्ये काम करते. तुझी लेक सहा वर्षांची, म्हणजे खुर्ची ओढून कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत पोचणारी. ‘तिला माहीतच नाही कुठे आहे ते’ हे वाक्य मी रडणाऱ्या आईबापांच्या तोंडून ऐकलं आहे. मुलांना सगळं माहीत असतं.

तिजोरी आधी, पिस्तूल नंतर. बोटाने किंवा आकड्यांनी झटकन उघडणारी, भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने बसवलेली. टेक्सासात सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार निष्काळजीपणाने लागू देणं हा गुन्हा आहे, पण मी कायद्याच्या भीतीने सांगत नाहीये.

आणखी एक. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरातलं कुणी, अगदी पाहुणा म्हणून आलेलं कुणी, मनाने खचलेलं असेल तर त्या काळात हत्यार घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. हे बोलायला संकोच वाटतो म्हणूनच सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आणि पूजा करायचीच तर पाहुणे आणि मुलं घरात असताना नको. फार विनवून सांगते.

---

शनिवार, संध्याकाळी ५:३० – राउंड रॉकहून

काका, मी अजून एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. रूममेट सिटिझन आहे, तो म्हणतो मी घेऊन देतो, पैसे तू दे. चालतं का?

---

शनिवार, संध्याकाळी ६:१० – बापूकाका

अजिबात नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरतात, त्यात खरा घेणारा तूच का, असा सरळ प्रश्न असतो. दुसऱ्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेऊन तिथे ‘हो’ लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. तो तर अडकेलच, आणि तुझं इथलं राहणंही धोक्यात येईल. नॉनइमिग्रंट व्हिसावर हत्यार घेणंच नाही तर जवळ बाळगणंही मना आहे, त्यात रेंजवर मित्राचं हातात घेणंही आलं. राज्याच्या हंटिंग लायसन्सची सवलत कायद्यात आहे, पण त्यावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचार. तोवर कशालाही हात लावू नकोस.

---

रविवार, सकाळी ९:०० – मंडळ सचिव

विषय निघालाच आहे म्हणून सर्वांना विनंती: गणेशोत्सव शाळेच्या सभागृहात आहे. कॅरी लायसन्स, म्हणजे हत्यार बरोबर बाळगायचा परवाना, असलं तरी शाळेच्या इमारतीत हत्यार आणता येत नाही. कृपया घरीच, कुलपात ठेवून यावं.

---

पुढचा रविवार, रात्री ९:२५ – सीडर पार्कहून

काका, ताई, तुम्हा दोघांचे पाय धरतो.

काल दोघं रेंजवर गेलो. वही समोर आहे. सीएसने माझ्या ५० पैकी ४७ ताटलीत, ग्लॉकने ४१. माझ्यापुरतं उत्तर सोपं होतं. पण बायकोने सीएस उचललं, नेम धरला, चाप ओढला आणि काहीच झालं नाही. खटका वरच होता. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिने खटका खाली केला, पण तोवर तिचं सगळं लक्ष अंगठ्याकडे गेलं होतं. ग्लॉकवर तिच्या ५० पैकी ४४ लागल्या, आणि हात दुखायला लागल्यावरच्या वीस गोळ्यांतही ती माझ्यापेक्षा पुढे होती. पिस्तूल माझ्या हौसेसाठी नाही, मी गावाला असेन त्या रात्रीसाठी आहे. ग्लॉक १९ ठरलं.

ते अजून घेतलेलं नाही. तिजोरी मात्र आली. आज दुपारी बेडरूमच्या कपाटात चार बोल्ट मारून बसवली, लेकीने टॉर्च धरला. त्यात काय ठेवणार असं तिने विचारलं तेव्हा खरं ते सांगितलं, आणि कधी कुठे असं काही दिसलं तर हात न लावता मोठ्या माणसाला बोलवायचं, हे तिच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. ताई, यापेक्षा नीट कसं सांगायचं ते तुला फोनवर विचारणार आहे.

खंडेनवमीला काहीही बाहेर काढायचं नाही. तिजोरीच्या दाराला हळदकुंकू लावायचं आणि एक झेंडूचं फूल, असं बायकोने ठरवलं आहे.

काका, क्लास येत्या शनिवारी सकाळी आहे, दोन जागा घेतल्या आहेत. त्याआधी गुरुवारी संध्याकाळी घरी जेवायला या, काकूंनाही आणा. येताना ती नकली काडतुसं आणाल का? बायकोला स्लाइड ओढण्याचा सराव तुमच्यासमोर करायचा आहे.